पाण्याच्या रंगात बाबांची मारुती रंगवायची आहे, कोकणात जमेल का?

कोकमआगळ
६ जुलै, सकाळी ९.१२

मंडळी, बाबांची १९९४ ची मारुती ८०० आहे. इंजिन ठणठणीत, पण अंगाला गंज लागला होता. उजव्या बाजूचा खालचा पत्रा आणि डिकीचा कोपरा कापून नवा पत्रा जोडून घेतला. आता रंग. साधा लाल मला नको. कोकमाच्या आगळाची बाटली उन्हात धरली की कडेला काळपट आणि मधोमध पेटलेला लाल दिसतो, तो रंग गाडीवर हवा आहे. त्याला कॅन्डी म्हणतात एवढे कळले आहे. खाली चंदेरी, त्यावर पारदर्शक लाल, वर क्लिअर, म्हणजे बिनरंगी चकाकता थर.

अडचण आईची आहे. तिला दमा आहे. मागे पडवीत नुसता बंपर रंगवला तर थिनरच्या वासाने तिने अख्खी रात्र बसून काढली. म्हणून पाण्याच्या रंगांकडे वळलो. इथल्या एका गॅरेजमध्ये विचारले तर म्हणाले, "पाण्याच्या रंगाने भिंती रंगवतात, गाड्या नाही." माझ्याकडे कॉम्प्रेसर आहे, १.३ मिमी नोझलची गन आहे, घाई अजिबात नाही. पण गाव चिपळूण आणि महिना आषाढ. कुणी स्वतः केले असेल तर सविस्तर सांगा.

भोसरीचा_पेंटर
६ जुलै, सकाळी १०.४०

दादा, आषाढात नको. बाकीचे रात्री बूथ (गाड्या रंगवायची बंद खोली) बंद केल्यावर लिहितो.

श्टुटगार्टकर
६ जुलै, दुपारी १.०५

भिंतीचा रंग आणि हा रंग, नाते फक्त पाण्यापुरते. इकडे युरोपात २००७ पासून गाडी दुरुस्तीच्या रंगात लिटरमागे ४२० ग्रॅमच्या वर सॉल्व्हंट (थिनरसारखे उडून जाणारे द्रावण) चालत नाही. जुन्या पद्धतीच्या बेसकोटमध्ये (क्लिअरखालच्या रंगाच्या थरात) फवारायच्या वेळी ८० टक्क्यांच्या आसपास सॉल्व्हंटच असायचे, ते या मर्यादेत बसवणे शक्य नव्हते. त्यामुळे सगळी वर्कशॉप पाण्याच्या बेसवर आली. लॉस एंजेलिसच्या भागात २००८ पासून तसाच नियम आला. मी स्वतः नऊ वर्षे ग्लासुरिट आणि श्पीस हेकर या ब्रँडचे पाण्याचे बेस मारतोय. पूर्वी घरी आलो की कपड्यांना थिनरचा वास यायचा, बायको बाल्कनीतच शर्ट काढायला लावायची. तो त्रास खरोखर संपला.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पाण्याचा असतो तो बेसकोट. वरचा क्लिअर बहुतेक ठिकाणी अजूनही टू-के, हार्डनर घातलेला, सॉल्व्हंटचाच. तुम्ही आईसाठी हे करताय, म्हणून आधीच सांगतो.

निळीशाई
६ जुलै, दुपारी ३.३०

श्टुटगार्टकरांच्या शेवटच्या परिच्छेदावर जोर देते. पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. थिनर नाकाला झोंबतो, माणूस आपोआप लांब होतो. आयसोसायनेटला तसा इशारा देणारा वास नसतो. फवारा छातीत जातो आणि कळतही नाही. गाड्या रंगवणाऱ्यांना होणाऱ्या दम्याचे ते जगभर ओळखले गेलेले कारण आहे, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही झटका येतो. ज्या बाईला आधीच दमा आहे तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर टू-के क्लिअर मारायचा नाही. कापडी मास्क, करोनातला मास्क, काहीही त्याला पुरत नाही. मारणाऱ्याला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो.

पाण्याच्या बेसमध्येही थोडे सॉल्व्हंट असतेच. त्याचा फवाराही श्वासात घ्यायचा नाही.

(भोपाळच्या गॅसचे नाव मनात येईल म्हणून: तो मिथाइल आयसोसायनेट होता, हार्डनरमधले रसायन वेगळे. घराणे एक आहे.)

जुना_ड्युको
६ जुलै, संध्याकाळी ६.१५

आमच्या वेळी गाडीचा कुठलाही रंग म्हणजे ड्युको. ते खरे ड्युपाँटच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचे नाव, १९२० च्या दशकात अमेरिकेत आला. त्याआधी ब्रशने व्हार्निशचे हात द्यायचे आणि गाडी वाळायला आठवडे जायचे. मी दादरला फियाट टॅक्सीवर काळा-पिवळा मारत वाढलो, नंतर एनसी (तेच नायट्रोसेल्युलोज) सोडून पीयूवर आलो. दर वेळी जुने पेंटर म्हणाले, हे काही खरे नाही. आता माझी पाळी आहे पण मी तसे म्हणणार नाही. मी पाण्याचा रंग कधी मारलेला नाही. शिकायचे आहे, लिहा सगळे.

भोसरीचा_पेंटर
६ जुलै, रात्री ११.२०

बसलो आता निवांत.

थिनर कसाही उडून जातो. पाण्याचे तसे नाही. हवेतच पाणी भरलेले असेल तर रंगातले पाणी जाणार कुठे? कपडे वाळत घालण्याचे गणित आहे. पावसाळ्यात हीटर लावून बंद खोलीत कपडे ठेवले तर ते गरम होतात, वाळत नाहीत. वारा लागतो. म्हणून पाण्याच्या रंगाला उष्णतेपेक्षा वाहती हवा महत्त्वाची. आम्ही व्हेंच्युरी ब्लोअर वापरतो. कॉम्प्रेसरची थोडी हवा घेऊन तो आजूबाजूची बरीच हवा ओढून पुढे फेकतो. तो पॅनलसमोर सरळ धरायचा नाही, तिरका ठेवायचा, हवा पत्र्यावरून सरकत गेली पाहिजे. टेबल फॅन लावू नका, अंगणातली सगळी धूळ येऊन रंगात बसेल.

आर्द्रता मोजायचे छोटे यंत्र घ्या. माझ्या अनुभवात ६० टक्क्यांच्या आत काम सुखाचे होते. ७० ला वेळ दुप्पट होतो. ८५ च्या वर मी गन उचलत नाही.

गन आतून स्टेनलेसची पाहिजे. साध्या गनमध्ये पाण्याचा रंग राहिला की आतून गंजते आणि पुढच्या वेळी गंजाचा कण मेटॅलिकमध्ये येऊन बसतो. गाळणी नायलॉन जाळीची. कागदी गाळणीचा गोंद पाण्यात सुटतो. पातळ करायला नळाचे पाणी अजिबात नाही, त्या रंगाचे जे रिड्युसर असेल तेच.

हात पातळ मारायचे. प्रत्येक हात पूर्ण मॅट दिसेपर्यंत थांबायचे. ओला डाग एकही दिसता कामा नये, बोट लावून बघू नका, टॉर्च तिरका धरून बघा. चंदेरीसाठी शेवटी गन जरा लांब धरून, हवा कमी करून एक हलका हात मारतात, त्याला ड्रॉप कोट म्हणतात. मेटॅलिकचे कण सगळे एकसारखे आडवे बसतात. तो चुकला की चंदेरीत ढग दिसतात, आणि चंदेरीतले ढग कॅन्डीखाली लपत नाहीत, उलट उठून दिसतात.

वऱ्हाडी
७ जुलै, सकाळी ७.५०

आमच्याकडे उलटा प्रकार. अकोल्यात मे महिन्यात ४४-४५ अंश आणि हवा एकदम कोरडी. गनच्या टोकावरच रंग वाळून गोळा होतो आन तो गोळा थुंकल्यासारखा बॉनेटवर पडतो. पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा थेंब सुकलेला, मग हात लावला की रेतीसारखं खरखरीत लागतं. आम्ही मंद वाळणारं रिड्युसर घालतो, शेडच्या जमिनीवर पाणी मारतो आन पहाटे पाचला काम सुरू करतो. नऊ वाजता बंद. कोकणाला पाणी काढायची घाई, आम्हाला पाणी धरून ठेवायची.

दोनचाकी
७ जुलै, सकाळी ९.०२

एवढ्या खटाटोपापेक्षा रॅप (चिकटवायची रंगीत फिल्म) लावा ना. वास नाही, हार्डनर नाही, नाही आवडला तर काढा.

कोकमआगळ
७ जुलै, सकाळी ९.४०

दोनचाकी, विचार केला होता. पण रॅप ज्यावर चिकटणार तो खालचा जुना रंगच सोलवटतोय, म्हणजे प्रायमर-रंग टळत नाहीच. आणि कॅन्डीत प्रकाश आत जाऊन चंदेरीवर आपटून परत येतो, ती खोली मला रॅपमध्ये दिसली नाही.

पेणकर
७ जुलै, दुपारी १२.२५

मी गाड्यांचा पेंटर नाही. पेणला आमचा गणपतीचा कारखाना आहे, तीन पिढ्या. सध्या मान वर करायला वेळ नाही, पण हा धागा वाचून राहवले नाही.

आम्ही आयुष्यभर पाण्याचेच रंग फवारतो, तेही ऐन पावसाळ्यात. पीतांबरावर सोनेरी पर्लचा हात, त्यावर पारदर्शक केशरी, कडेला किरमिजी. तुम्ही ज्याला कॅन्डी म्हणता तेच हे. मोठा फरक एकच, माती पाणी पिते, पत्रा पीत नाही. पहिल्यांदा भावाच्या बुलेटची टाकी रंगवायला घेतली तेव्हा हे उमगले. मूर्तीवर जो हात आरामात बसतो तो टाकीवर ओघळला.

नंतर क्रिएटेक्स कंपनीचे गाड्यांसाठीचे पाण्याचे रंग मागवले आणि टाकीवर काम जमले. पारदर्शक रंगाबद्दल दोन गोष्टी सांगतो. प्रत्येक हाताला तो गडद होत जातो, म्हणून हात मोजायचे. आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर सारखाच चढला पाहिजे, निम्म्याहून जास्त. नाहीतर गाडीला लुगड्यासारखे पट्टे दिसतील. आमचे आजोबा मूर्तीच्या मागे भिंतीवर कोळशाने रेघा मारून हात मोजायचे, मीही तसेच करतो.

मोठ्या पॅनलला एअरब्रश नको, गनच हवी. एअरब्रश सावल्यांसाठी.

श्टुटगार्टकर
७ जुलै, दुपारी २.१०

पेणकर, कोळशाच्या रेघांची युक्ती उद्याच आमच्या वर्कशॉपमध्ये सांगतो. पुरवणी जोडतो: कॅन्डीची सगळी पॅनल एकाच दिवशी, एकाच माणसाने, एकाच गनने मारा. आणि मनाची तयारी ठेवा की पुढे कुणी दाराला ओरखडा काढला तर तेवढाच टच अप जमत नाही. बहुतेक वेळा ती सगळी बाजू परत करावी लागते. लाल पारदर्शक रंग उन्हात उडतातही, विशेषतः डायवर बनवलेले. पिगमेंटवाला घ्या आणि क्लिअर चांगल्यातला, यूव्ही रोखणारा.

कागदपत्रे
७ जुलै, संध्याकाळी ५.३०

रंगाच्या नादात आरसी विसरू नका. त्यावर रंग लिहिलेला असतो. पांढरीची लाल झाली की आरटीओत नोंद बदलून घ्या. पंधरा वर्षांवरची गाडी आहे, दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला तपासणी होणार, तिथे रंग जुळला नाही तर अडकेल. आणि इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: ऑलिव्ह ग्रीन हा सैन्याचा रंग आहे, केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे खासगी गाडीला तो देता येत नाही. जीपवाले दर महिन्याला एकदा विचारतात.

जुना_ड्युको
७ जुलै, रात्री ८.४५

मूळ तयारीबद्दल कुणी बोलत नाही. नवा पत्रा जोडलाय तिथे लांबी (खाचा बुजवायची पुटी) भरली असणार. चांगला पाणी पेपर घेऊन, पाणी मारत मारत घासा, आरशासारखी होते.

भोसरीचा_पेंटर
७ जुलै, रात्री १०.५५

काका, माफ करा, इथे मी तुमच्या विरोधात आहे. लांबी स्पंजासारखी असते, पाणी पिते. वरून प्रायमर मारला की ते पाणी आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांनी तिथे फोड येतात. लांबी कोरडीच घासायची, मास्क लावून. पाणी पेपर प्रायमर-सरफेसरवर वापरा. उघडा पत्रा तर अजिबात ओला करू नका, कोकणात सकाळी घासलेला पत्रा दुपारी तांबूस दिसतो. पाण्याचा बेस उघड्या पत्र्यावर थेट मारला तरी तेच. खाली इपॉक्सी प्रायमर पाहिजेच पाहिजे.

जुना_ड्युको
८ जुलै, सकाळी ६.३०

तीस वर्षे ओली घासली. फोड आलेलेही पाहिले, आणि दर वेळी दोष पत्र्याच्या गंजाला दिला. रात्रभर विचार करत होतो. तुझे बरोबर असावे. एका नासिकच्या अँबॅसेडरचे दार डोळ्यासमोरून जात नाही, गंज कुठेच नव्हता तिथे.

निळीशाई
८ जुलै, सकाळी ११.००

एक राहिले. गन धुतलेले पाणी "पाण्याचाच रंग आहे" म्हणून परसात ओतू नका, चिपळूणला विहिरी आहेत. एका पिंपात साठवा. रंग आणि पाणी वेगळे करणारी पावडर मिळते, ती टाकून ढवळले की रंगाचा चोथा वेगळा होतो. तो गाळून वाळवा आणि वेगळा ठेवा. आणि शिल्लक रंग उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. ३५ अंशांच्या पुढे तो बिघडू लागतो, आणि गोठला तर संपलाच.

कोकमआगळ
२९ जुलै, रात्री ९.१५

सगळ्यांचे ऐकूनही एक चूक केली, ती लिहितो म्हणजे दुसरा कुणी करणार नाही.

भंगारातून एक जुने बॉनेट आणले. कोरडे घासले, प्रायमर तालुक्याच्या एका शेडमध्ये मारून घेतला. १२ तारखेला दिवसभर उघडीप होती, वाटले आज जमेल. संध्याकाळी साडेसहाला पडवीत चंदेरी मारली. यंत्र ८८ दाखवत होते. पंचवीस मिनिटांनी कोपऱ्याला बोट लावले, बोट कोरडे. लगेच लालचे चार हात. काय दिसत होते म्हणून सांगू, बल्बखाली अगदी आगळ! दुसऱ्या दिवशी बॉनेट त्याच शेडमध्ये नेऊन क्लिअर मारून आणला.

आठव्या दिवशी मधोमध दुधाळ झाक दिसली. दहाव्या दिवशी मोहरीएवढे फोड, शेकड्याने. एक नखाने फोडला तर क्लिअर पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली लाल रंग ओला, बोटाला लागला. सतरा दिवस झाले होते.

भोसरीचा_पेंटर
२९ जुलै, रात्री ११.४०

बोट वरचे सांगते, खालचे नाही. आणि संध्याकाळी साडेसहाला पत्रा गार पडायला लागतो. हवा दमट, पत्रा गार, म्हणजे डोळ्याला न दिसणारे दव त्यावर बसते. पत्रा दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश गरम असला पाहिजे. वाईट वाटून घेऊ नका, ते बॉनेट होते, गाडी नव्हती. दिवाळी होऊ द्या.

पेणकर
३० जुलै, पहाटे १.१०

आमच्याकडेही या दिवसांत रात्री मारलेला हात सकाळी चिकट असतो. आम्ही हॅलोजन आणि पंखे लावून, दारे बंद करून निभावतो, पण माती आतून पाणी शोषते म्हणून. विसर्जन झाले की फोन करा, टेस्ट पॅनलवर एकत्र बसू. चिपळूण काही लांब नाही.

मडगावकार
३० जुलै, सकाळी ८.००

कोकमआगळ, फोड आलेल्या त्या बॉनेटचा फोटो टाका. मी गोव्यात ऑगस्टमध्ये हाच बेत करणार होतो. तो जानेवारीत ढकलला.

कोकमआगळ
१६ डिसेंबर, रात्री १०.०५

धागा वर काढतोय. गाडी झाली.

ऑक्टोबरात पेणकर खरोखर आले, दोन दिवस राहिले. आईने त्यांना घावणे घातले आणि त्यांनी मला सहा टेस्ट पॅनलवर हात मोजायला शिकवले. एक ते सहा हातांची सहा पॅनल अंगणात उन्हात ओळीने उभी केली. तिसऱ्याचा रंग जांभासारखा, पाचव्याचा डाळिंबासारखा. आई ओसरीवरून म्हणाली, "तो शेवटून पहिला, तो आगळाचा." म्हणजे सहा हात ठरले.

क्लिअर घराजवळ मारायचा नाही हे निळीशाईंनी सांगितले त्या दिवशीच ठरले होते. आणि बेस मारून गाडी रस्त्याने नेणे शक्य नाही, क्लिअरशिवाय तो नुसत्या दवानेही खराब होतो. मग सगळेच कराडला एका बूथमध्ये भाड्याने केले. घरी फक्त घासकाम. इपॉक्सी आणि सरफेसरही तिथेच. भोसरीच्या दादांनी आपला ब्लोअर एसटीच्या पार्सलने पाठवला आणि क्लिअर मारायला रविवारी स्वतः आले, बाहेरून हवा येणारा मास्क घेऊन. पैसे घ्यायला तयार नव्हते. कसेबसे एसटीचे आणि डिझेलचे घेतले.

सकाळी अकरा ते दुपारी चार, यंत्र ५२ ते ५८. चंदेरीचे दोन हात आणि ड्रॉप कोट. दर हाताला दहा-बारा मिनिटांत सगळे मॅट. जुलैत ज्यासाठी मी तासभर थांबायला हवे होते ते इथे डोळ्यांदेखत होत होते. रंग कडेकडून वाळत मध्ये सरकतो, ओल्या चकाकीचे बेट लहान होत होत बॉनेटच्या मधोमध विरते. ते बघत बसलो प्रत्येक वेळी.

जुना_ड्युको
१६ डिसेंबर, रात्री १०.३०

फोटो पाहिले. छतावरून खाली येताना रंग जो वळतो ना दारावर, तिथे थांबलो. जिंकलास पोरा. डाव्या मागच्या दाराची कड जरा गडद आहे का, की फोटोतली सावली?

कोकमआगळ
१६ डिसेंबर, रात्री १०.५२

काका, सावली नाही. तिथे सात हात झाले. पाचव्या हातानंतर फोन वाजला आणि पुढच्या दोन रेघा मारायच्या राहिल्या. पेणकरांनी सांगितल्याप्रमाणे बूथच्या काचेवर मास्किंग टेप लावून प्रत्येक पॅनलच्या रेघा पेनाने मारत होतो, त्यात त्या दाराखाली पाचच आहेत. दोन पावले मागे गेले की दिसत नाही, जवळून मला दिसते.

तो टेप काढून आरसीच्या प्लास्टिकच्या पाकिटात चिकटवून ठेवला आहे. चंदेरीची शेड, रिड्युसर, कुठल्या पॅनलला किती हात, सगळे त्यावर आहे. डाव्या मागच्या दाराच्या पाच रेघांपुढे लाल पेनाने आणखी दोन मारल्या. पुढे कधी कुणाला ते दार परत रंगवावे लागले तर त्याला सातच मारायला सांगायचे.